कडं घातलेलं लेकरू

मंडळी, नातीला कॉलेजात सोडून आत्ताच घरी आलोय. अंगावरचा काटा अजून जात नाहीये.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी त्याच कॉलेजच्या विज्ञान मंडळात होतो. दुर्बिणीचा आरसा आम्ही पाच जणांनी सहा महिने हाताने घासला. पहिल्यांदा शनी दिसला, तेव्हा प्रयोगशाळेतले शिपाई सखारामभाऊ जवळच येईनात. दर शनिवारी नदीकाठच्या देवळात शनीला तेल वाहणारा माणूस!

"नको रे बाबा, मला साडेसाती चालू हाय."

आम्ही ओढूनच आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंसं लेकरू हाय रे! कडं घालून बसलंय. याला भीत होतो मी?"

आज विज्ञान मंडळाच्या टेबलावर तीच दुर्बीण! तिथली मुलगी माझ्या नातीला म्हणाली, "संध्याकाळी ये, लेकरू दाखवते."

"कोण लेकरू?"

"अगं, शनी. मंडळात सगळे त्याला लेकरूच म्हणतात. का, ते कुणालाच माहीत नाही."

सखारामभाऊंना जाऊन वीस वर्षं झाली.

तुमच्या कॉलेजात असं कुणाचं काय उरलंय, सांगा ना. आमचं सांगतो: आरसा आम्ही घासला, पण बारसं सखारामभाऊंनी केलं.