दुसऱ्या कडव्यानंतर

वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, आणि झाशीत या कामात मी कुणाला हार जात नाही. ब्राउझरांनी फ्लॅश हे हलत्या चित्रांचं जुनं तंत्र चालवणं बंद केलं तेव्हा बिजौलीच्या कारखानदारांच्या साइटवरची गरगरणारी चक्रं आणि नाचणारी अक्षरं मीच काढली आणि नव्या पद्धतीने पुन्हा उभी केली. मागे राहिली ती आमच्या मराठी मंडळाची साइट. घरचं काम, म्हणून सगळ्यात शेवटी.

त्या साइटवर मी कॉलेजात असताना बनवलेली गणपतीची आरती होती. आवाज चाले तसतसा एकेक शब्द उजळत जाई. इथल्या मुलांना मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीवर येतात. आरती मात्र सगळ्यांनी त्या पडद्यावरूनच पाठ केलेली. आता तिच्या जागी नुसता राखाडी चौकोन दिसे, आणि यंदा मंडळात आरती सांगायचा मान माझ्या लेकीला मिळाला होता. तिला मराठीत चार माणसांपुढे तोंड उघडायचीच धास्ती.

मी आरती नव्याने बांधली. झकास झाली. लेकीने मोबाइलवर ऐकून ऐकून ती घोटली.

गणपतीच्या पहिल्या दिवशी दुसरं कडवं संपलं आणि सगळा हॉल थांबला. लेक एकटीच पुढे गेली. तिचा आवाज उघडा पडला, चिरकला, आणि ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, “आई, अब मैं नहीं गाऊँगी.”

मला कारण लगेच कळलं. पूर्वी इंटरनेट रांगत यायचं. पुढचं कडवं उतरेपर्यंत वेळ मिळावा म्हणून जुन्या आरतीत मी तिथे आवाज थांबवून ठेवला होता. पोरांनी ते थांबणंही पाठ केलं, आणि पोरांचं ऐकून मोठ्यांनी. मंडळातले एक काका तेवढ्या वेळात डोळे मिटून घेत आणि ही पेशवाईपासूनची रीत आहे, असं छातीठोक सांगत. मी कशाला त्यांचा विरस करू?

आता इंटरनेट सुसाट आहे, थांबायचं काही कारण नाही. तरी मी नव्या आरतीत तिथे मुद्दाम थांबा घातला आणि लेकीला पुन्हा ऐकायला बसवलं. रुसली, पण बसली.

दुसऱ्या दिवशी ती त्या जागी थांबली आणि सगळा हॉल तिच्याबरोबर थांबला. मग तिनेच पुढचं कडवं उचललं. मला तिचा फार अभिमान वाटला.

प्रसाद घेताना पुण्याहून आलेली माझी मावशी तिला म्हणाली, “छान म्हणतेस गं. पण मध्येच थांबायचं नसतं, बाळा.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“आमच्याकडे थांबतात, आजी,” ती म्हणाली.