नामांकनातलं ‘घर सांभाळून’

आज आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या वैशालीमॅडमचं एका विज्ञान संस्थेच्या फेलोशिपसाठी नामांकन पाठवलं. विषय लेसर भौतिकी, लिहिणारा मी.

आमच्या विभागात कुणाचंही इंग्रजी पत्र मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. सवयीनं मी हेही त्यांनाच तपासायला दिलं!

दुपारी कागद परत आला. लेसरबद्दलचं सगळं तसंच होतं. फक्त ‘घर सांभाळून संशोधन केलं’ या वाक्यावर काट मारलेली.

“मॅडम, कौतुकच केलंय की,” मी म्हणालो.

“सर, मागच्या वर्षी तुमचं नामांकन मी लिहिलं. तुमचं घर कोण सांभाळतं, हे त्यात लिहिलं होतं का?”

वाक्य काढलं.

आता घरी आलोय. बायकोनं चहा आणून दिलाय. तो पिता पिताच हे लिहितोय.