नवापूरचे तांडेल

तांडेल धावत माझ्या दुकानात यायचे आणि धावतच परत जायचे. नवापूर ते बोईसर हे अंतर लोक एसटीने किंवा टेम्पोत लटकून जात. हे पन्नाशी उलटलेले गृहस्थ अनवाणी, सदरा काढून डोक्याला गुंडाळलेला, असे पळत यायचे. दुकानापाशी आले की सदरा अंगात घालायचे, बटणं लावायचे आणि मगच पायरी चढायचे. होडी त्यांनी मुलांच्या हाती दिली होती, पण गावाने त्यांचं तांडेलपण, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा मान, काढून घेतलं नव्हतं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

माझं दुकान दोर आणि ताडपत्रीचं. देशावरून हात हलवत आलो आणि घासाघीस करून उभा राहिलो. माझ्यासमोर गिऱ्हाईक टिकत नसे. तांडेल मात्र घासाघीस करायचेच नाहीत. भाव ऐकायचे, दोर जागेवर ठेवायचे आणि पळायला लागायचे. पळणाऱ्या माणसाशी सौदा कसा करणार? दोनदा मी नाक्यापर्यंत मागे गेलो. तिसऱ्यांदा पहिलाच भाव खरा सांगितला. ते म्हणाले, "आता बसतो. चाय मागवा."

का धावता, असं त्यांना सगळेच विचारत. कारखान्यातली माणसं हिंदीत विचारत, बायका हसून विचारत. ते प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचे. मला सांगितलं ते असं: "होडीत जनम गेला, शेठ. तिथं चार पावलं टाकली की पानी. जमिनीवर आलो तं वाटलं, बघू तरी कुठवर जाते ती."

प्रजासत्ताक दिनाला बोईसरचं एक मंडळ शर्यत भरवायचं. बोईसरहून सरावली, पाम करत नवापूरच्या किनाऱ्यापर्यंत, तिथे रोवलेल्या झेंड्याला वळसा घालून परत. शर्यत तरुणांची. तांडेल दरवर्षी नंबर नसताना सगळ्यांच्या मागून धावायचे आणि लाउडस्पीकरवरून मंडळाचे सचिव त्यांची चेष्टा करायचे. "आजोबा आले, वाट द्या, आजोबांना वाट द्या." लोक हसत. तांडेलही हसत. मला ते सहन होत नसे.

मांडवाची ताडपत्री दरवर्षी माझ्याकडून फुकट जायची. एका वर्षी मी सचिवांना सांगितलं की पन्नाशीवरच्यांचा वेगळा गट करा, नाहीतर मांडव आभाळाचा घाला. तीन बैठका झाल्या. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला. शेवटी ते तयार झाले, पण अट घालून: बक्षीस समारंभ संपायच्या आत या गटातलं निदान एक माणूस तरी परत आलं पाहिजे, नाहीतर गट कायमचा बंद. अट सोपी होती. तांडेल तेवढ्या वेळात आरामात आले असते.

गटात तिघे होते: तांडेल, सरावलीचे एक रखवालदार आणि कारखान्यातले एक टर्नर. मी टेम्पो पाठवून नवापूरचे, समुद्रावर न गेलेले, झाडून सगळे पुरुष बोईसरला आणले. आपला माणूस जिंकताना बघायला आपली माणसं नकोत का? गाव रिकामं केलंत, असं मला पुढे फार जणांनी ऐकवलं. ऐकवोत.

पोरं परत आली. बक्षिसं सुरू झाली. तांडेल दिसेनात. सायकलवरून पाणी वाटणारा स्वयंसेवक परत आला आणि त्याच्याकडून कळलं ते असं. तांडेल झेंड्याला वळसा घालत होते तेव्हा एक होडी फुटक्या तळाने किनाऱ्याला लागत होती. लाट तिला आडवी पाडत होती आणि दोर ओढायला नुसत्या बायका. होडी किनाऱ्याला लागताना दोराला हात न लावता कोणी पुढे जात नाही, ही त्या गावाची रीत. तांडेल शर्यत सोडून पाण्यात उतरले. मागून आलेल्या रखवालदारांना आणि टर्नरना वाटलं शर्यत इकडूनच आहे. जवळ गेल्यावर कळलं, आणि समुद्राशी जन्मात संबंध नसलेल्या त्या दोघांनीही दोर धरला.

तांडेल आले तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. कमरेपर्यंत भिजलेले, मागे ते दोघे. तिघेही धावतच आले. मी भर रस्त्यात ओरडलो की गावात दुसरं कोणी नव्हतं का दोर धरायला.

"नव्हतं," ते म्हणाले. "समदी इथं हायेत ना."

माझ्या मागे नवापूरचे सगळे पुरुष उभे होते.

सचिवांशी मी त्यांची गचांडी धरण्यापर्यंत भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "अट तुम्हीच मान्य केली होती." गट बंद झाला. मी ताडपत्री बंद केली. त्यांनी ती पालघरहून आणली. तांडेल पुन्हा शर्यतीला आले नाहीत. दुकानात येत राहिले, आधी धावत, मग चालत, मग एसटीने. मी चहा मागवायचो, पण मनातून चिडलेला असायचो. या माणसासाठी मी एवढा भांडलो आणि याला जिंकण्याची हौसच नव्हती, हे मला डाचायचं.

काही वर्षांनी ते अंथरुणाला लागले. भेटायला गेलो तेव्हा अंगणात बोंबील वाळत होते आणि ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, सचिव आता बदलायचे आहेत, नव्या माणसाशी बोलून बघतो. ते नको म्हणाले. मग मी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं विचारून टाकलं, "तांडेल, खरं सांगा, तुम्हाला जिंकायचं नव्हतंच ना?"



"व्हतं," ते म्हणाले. "लय व्हतं. दोर वडताना पन त्योच इचार, अजून पोचू, अजून पोचू. होडीला शिव्या घालत व्हतो मी, शेठ. आतली पोरं माजीच, तरी."

पावसाळ्याआधी ते गेले. त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी खाटेपाशीच संपला. आता उरला तो फक्त त्या सचिवावर. तेही म्हातारे झालेत, बाजारात काठी टेकत दिसतात, नमस्कार करतात. मी तोंड फिरवतो. पण एकट्याने हा राग सांभाळायचा, तर फार थकायला होतं.