बाजूला ठेवलेलं पीठ

फोन आला तेव्हा मी जळगावला माझ्या डाळ मिलमध्ये होतो. मशीन चालू असताना आत काही ऐकू येत नाही, म्हणून बाहेर आलो आणि रस्त्यावर एका उभ्या ट्रकच्या सावलीत मला कळलं की नाना गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत... ज्या माणसाच्या हातातलं एकही सरकारी काम ठरल्या वेळी संपलं नाही, त्याने स्वतःचं मात्र एवढं झटपट कसं आवरलं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. असा विचार आला याची मलाच लाज वाटली. मग त्या ट्रकला टेकून मी रडलो. हमाल बघत होते, बघू दिलं.

नाना म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोची मोठी बहीण, आमची अक्का, त्यांना दिलेली. मूळचे पाचोऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, आणि निवृत्तीनंतर धुळ्यातच राहिले. नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी एकाच टेबलावर काढला, अंदाजपत्रकाच्या. धरणाला किती लागेल, कालव्याला किती लागेल, किती वर्षं लागतील, हे आधी सांगायचं काम. साडूपणात जेवढी थट्टा चालते तेवढी मी त्यांची केली. मी डाळवाला माणूस. तूर मुठीत घेतली की पोत्यामागे डाळ किती आणि चुरी किती निघेल ते सांगतो. भाव काय निघेल ते मात्र मला कधी जमलं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाचा अंदाज चुकला की मला जरा बरं वाटतं.

एका बाबतीत मात्र नानांचा अंदाज कधी चुकला नाही. आमच्या नात्यात लग्न असो, साखरपुडा असो, किती पानं उठतील हे विचारायचं ते नानांना. आपल्याकडे वरण-बट्टीची पंगत म्हणजे खेळ नव्हे. बट्टीचं पीठ एकदा मळलं की ते उकडायचं, कापायचं, तळायचं, मागे फिरता येत नाही. कमी पडलं तर गावभर नाव निघतं आणि उरलं तर गाईसुद्धा तोंड फिरवते. माझ्या लग्नात सासरे, म्हणजे आबा, घाबरून गेले होते. नाना त्यांच्या कानाशी लागले, एक आकडा सांगितला आणि आबांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या लग्नांत मी नानांच्या शेजारी उभा राहून त्यांची तऱ्हा पाहिली. सफारीच्या खिशात हात, नजर फाटकाकडे. किती ट्रॅक्टर आले, कुठल्या गावची जीप आली, बायकांनी मुक्कामाच्या पिशव्या आणल्यात की नाही, एवढं बघायचे आणि मधूनच आचाऱ्याला जाऊन काहीतरी सांगून यायचे. शेवटची पंगत उठायची तेव्हा पातेल्यात वरण जेमतेम घरच्यांपुरतं असायचं. मी म्हणायचो, ‘‘नाना, तुम्ही खात्यात फुकट गेलात, केटरिंग काढायला हवं होतं.’’ त्यावर ते नुसते हसायचे.

आता कालव्याचं सांगतो, कारण त्याशिवाय नाना सांगता येणार नाहीत. शिंदखेड्याकडे आमची सासुरवाडी. तिथल्या प्रकल्पाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, खानदेशात असे आणखी सापडतील. कालव्याची मोजणी गावापर्यंत आली तेव्हा जमीन द्यायला कुणी तयार नव्हतं. नाना तेव्हा साहेब म्हणून नाही, जावई म्हणून आले. ओट्यावर बसले. आबांनी एकच विचारलं, ‘‘पानी कव्हय येई?’’

‘‘पाच वर्षांत, आबा.’’

आबांनी दुसऱ्याच दिवशी सही केली. आबांनी केली म्हटल्यावर गावाने केली. जमिनीचा चांगला काळा तुकडा गेला, पण आबांना त्याचं काही नव्हतं. उलट त्यांनी नानांना शेतात नेलं आणि कालव्यापासून आपल्या उरलेल्या वावरापर्यंत पाणी आणायला चारी कुठून काढायची ते विचारलं. नानांनी दोरी धरली, चुन्याची पांढरी फक्की टाकली आणि रेघ आखून दिली. आबांनी त्या रेघेवर स्वतःच्या हाताने चारी खोदली. पाणी नाही, कालवा नाही, आणि आबांची चारी मात्र तयार!

पुढे जे झालं ते पेपर वाचणाऱ्याला नवीन नाही. अंदाजपत्रक केलं तेव्हाचे दर मंजुरी येईपर्यंत जुने झाले. जिथे मुरूम धरला होता तिथे काळा खडक लागला. मध्ये रेल्वेची लाईन होती, तिच्याखालून जायची परवानगी कुठल्या तरी कपाटात अडकली. एका वर्षी निधी आला तर ठेकेदार नाही, ठेकेदार आला तर निधी नाही. मग सुधारित अंदाजपत्रक, त्यानंतर पुन्हा सुधारित. दर खेपेला खर्च वाढलेला आणि पाणी पुढे सरकलेलं. आबांच्या गावापाशी कालवा खोदून झाला, त्यावर पूलही झाला, आणि खाली पोरं क्रिकेट खेळू लागली. आबा दर दिवाळीला विचारायचे. नाना दर दिवाळीला म्हणायचे, ‘‘दोन वर्षं, आबा.’’ माझा मेहुणा, आबांचा मुलगा, एकदा भर पंगतीत ओरडला, ‘‘तो आपला जवाई नही, सरकारना माणूस शे!’’ तेव्हापासून तो नानांशी बोलला नाही. आबा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. राग नाही, टोमणा नाही. हे मला जास्त जड जायचं.

मी एकदा थट्टेत विचारलं, ‘‘बट्टी तुमची चुकत नाही नाना, मग कालवाच कसा चुकतो?’’

‘‘बट्टीत खडक लागत नाही,’’ म्हणाले.

उत्तर छान होतं, मी हसलोही. पण नंतर एकदा धुळ्याहून जळगावला येताना गाडीत त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका लहानशा तलावाचं अंदाजपत्रक केलं होतं. सगळं धरून. वाढणारे दर, खडक, जमिनीचे दावे, उशीर, सगळं. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि फाईल परत आली, खर्च परवडणारा नाही म्हणून. ‘‘त्या गावात अजून टँकर जातो,’’ नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. पारोळा आलं, एरंडोल आलं. ती गोष्ट त्यांनी मला का सांगितली? सहज आठवली म्हणून, की मला काही कळावं म्हणून? मी तेव्हा विचारायला हवं होतं की नको होतं, तेही मला अजून ठरवता येत नाही...

नानांच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, सगळे जमणार, जेवणं होणार, तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला, ‘‘काका, किती माणसं धरायची?’’ आणि मी चक्क मागे वळून नानांना शोधलं. मग सावरलो आणि हिशेब मांडला. भाऊबंद किती, खात्यातले किती, गल्लीतले किती. कालव्याच्या गावांतून कुणी येणार नाही हे धरूनच चाललो होतो, तिकडे नानांच्या नावाने जे बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. नानांना आवडायची म्हणून वरण-बट्टीच ठेवली. आचाऱ्याला खणखणीत आकडा दिला आणि सगळं पीठ एकदम मळायला सांगितलं. मनात म्हटलं, बघा नाना, साडूही काही कमी नाही.

पहिली पंगत बसली आणि फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. त्यामागे दुसरा. मग जीपा. कालव्याच्या गावांमधली माणसं, टोप्या, उपरणी, बायकासुद्धा. मी पातेल्याकडे पाहिलं. धावत आत गेलो. अक्का खोलीत सतरंजीवर बसली होती. त्या दिवसांत तिच्याशी खाण्यापिण्याचं काय बोलायचं, पण बोललो. म्हटलं, ‘‘अक्का, कमी पडणार.’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘कोठीत पीठ आहे. डाळ पण आहे. मी काढून ठेवायला लावलं होतं.’’

‘‘तुला कसं माहीत एवढी येतील?’’

‘‘मला काय माहीत? ते असते तर ठेवलं असतं, म्हणून ठेवलं. तुमच्या लग्नातही ठेवलं होतं. आबांना खरा आकडा सांगितला असता तर आबांनी चहा-चिवड्यावर भागवलं असतं. म्हणून हे आधी कमी सांगायचे, तेवढंच मळायला लावायचे आणि बाकीचं पीठ बाजूला ठेवायचे. पंगत बसली की यजमान हात आखडत नाही, म्हणायचे.’’

म्हणजे नानांचा अंदाज बरोबर नव्हताच कधी. तो कमी असायचा, मुद्दाम कमी. आम्ही इतकी वर्षं ज्याचं कौतुक केलं ती ही युक्ती होती. मग कालवा? तिथेही आधी कमी मळायला लावलं का? सरकारला कमी पैसे, आबांना कमी वर्षं, म्हणजे एकदा पंगत बसली की कुणाला उठता येणार नाही? पण लग्नात कोठीत पीठ होतं, कालव्याचं पीठ कुठल्या कोठीत होतं? ‘‘अक्का, मग कालव्याचंही...’’ एवढंच माझ्या तोंडून निघालं. ती म्हणाली, ‘‘ते घरात कामाचं बोलत नसत. पीठ घेऊन जा, लोक खोळंबलेत.’’

मी पीठ घेऊन गेलो. उशीर झाला पण कुणी उपाशी उठलं नाही. वाढताना एका म्हाताऱ्याचं बोलणं कानावर पडलं, ‘‘साहेबनी निदान सुरू तरी कयं. दुसरानी तर हात बी लावा नही.’’ त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला म्हणाला, ‘‘सुरू कयं म्हनीसनच आम्हनी जमीन गयी. पानी काही उनं नही.’’ दोघेही आपापल्या पानावर बट्टी कुस्करत होते. दोघांनीही वरण मागून घेतलं. मला दोघांचंही पटलं आणि मी तसाच पुढे सरकलो.

गुडघ्यांमुळे आबा गंधमुक्तीला येऊ शकले नव्हते, म्हणून परवा मी त्यांना भेटायला गेलो. आता फार थकलेत. जाताना मी धुळ्याच्या ऑफिसात चौकशी केली होती. नवीन सुधारित अंदाजपत्रक वर गेलंय, कधी परत येईल ते कुणाला माहीत नाही. ठरवून गेलो होतो की आबांना खरं सांगायचं. या वयाच्या माणसाला कुणीतरी एकदा खरं सांगायला हवं, तो त्यांचा हक्क आहे, असं वाटेत स्वतःलाच बजावत होतो. आबा वावरात होते, कालव्याच्या कडेला बाज टाकून. नानांच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. मग त्यांनी कालव्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘जवाईबुवा, पानी कव्हय येई?’’

मी तोंड उघडलं.

‘‘दोन वर्षं, आबा.’’

कसं निघालं कोण जाणे. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘नाना बी दोनच सांगेत.’’ त्या बोलण्यात राग होता की समाधान, मला कळलं नाही. त्यांनी काठी टेकली, उठले आणि म्हणाले, ‘‘मंग चारी साफ करनी पडी.’’

बाजेखाली फावडं होतं. ते वाकायला लागले तेव्हा मी ते त्यांच्या हातातून घेतलं, बूट काढले आणि चारीत उतरलो. पावसाने गाळ साचला होता, मध्ये मध्ये गवत माजलं होतं, पण चारीची रेघ अजून सरळ होती, नानांनी दोरी धरून आखलेली. आबा काठावर उभे राहून कुठे खोल काढायचं ते सांगत होते आणि मी काढत होतो.