कुलपातली रहस्यकथा

त्या बाईंचा मला अजून राग येतो. नळदुर्गच्या एसटीत माझ्या शेजारी बसून त्या ओळीखाली बोट सरकवत मुलांची रहस्यकथा वाचत होत्या. कंडक्टर आला, तर त्याला तळहात दाखवून थांबवलं आणि पान संपवूनच तिकीट काढलं.

“पोरांचं पुस्तक ना हे?” मी हसलो.

त्या उसळल्या. “व्हय! शाळंत झाडलोट करते म्या. दर दिवाळीला कपाट उघडून ह्याची धूळ पुसते. औंदा पयलं पान वाचलं, आन् सुटंना. पोरांनी मागितलं की गुरुजी म्हणत्यात, फाटंल. मग काय झुरळांसाठी आणलंय?”

मीही गुरुजीच आहे, हे सांगायचं धाडस झालं नाही. आमच्या शाळेतल्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती.