डबा शांत आहे

पंखा रडतखडत फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढतो, वरचं झाकण उघडतो आणि ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो. कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. त्याच्या आत फारसं काही नसतं. धातूच्या दोन पातळ पट्ट्या, आणि त्यांना एकमेकींना शिवू न देणारा मधला एक पापुद्रा. वीज त्या पट्ट्यांवर साठून राहते. मी घरी बनवतो तोही हाच, फक्त पंख्याच्यापेक्षा कितीतरी पट जास्त व्होल्टेजचा आणि आकाराने चकलीच्या डब्याएवढा. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या घराची गॅलरी निवृत्तीनंतर मी या कामासाठी बळकावली. त्यामुळे कपडे वाळत घालायची दोरी हॉलमध्ये आली, आणि हिने ते मला अजून माफ केलेलं नाही.

हे सगळं कशासाठी, असं लोक विचारतात. मी सांगतो की माझ्याकडे तांब्याच्या तारेचं एक उंच वेटोळं आहे, त्याला हा डबा जोडला की जवळ हातात धरलेली ट्यूबलाइट वायर न लावता पेटते. लोक ‘अरे वा’ म्हणतात आणि विषय बदलतात. खरं कारण वेगळं होतं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी तीसेक वर्षं मोठे कपॅसिटर तपासले, आणि त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो, तरी ते काम काही अंगातून गेलं नाही.

ते काम होतं कानाचं. टेस्टिंगच्या खोलीतले पंखे बंद करायचे, व्होल्टेज हळूहळू चढवत न्यायचं आणि ऐकायचं. कपॅसिटरच्या आत हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर कपॅसिटर फुटायच्या बराच आधी बारीक सू-सू करतो, तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा. मशीनवर ते दिसायचंच, पण मशीनचा काटा हलायच्या आत माझा हात वर झालेला असायचा. साहेब पाहुण्यांना माझी ओळख ‘हे आमचं मीटर’ अशी करून द्यायचे. मला ते फार आवडायचं, उगाच कशाला खोटं बोलू.

हा कान मला बापाकडून मिळाला. आम्ही कळव्याच्या बाजूचे कोळी. माझा बाप खाडीत होडी घालायचा. काही मासे पाण्याखाली कुरकुरतात. बाप वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, दांड्याला कान लावायचा आणि डोळे मिटून बसायचा. मग हाताने दाखवायचा, तिकडे. जाळं तिकडे पडायचं. मी पाच-सहा वर्षांचा असताना त्याने एकदा तो दांडा माझ्या कानाला लावला होता. लाकडातून कोणीतरी घोरतंय असं मला वाटलं होतं. पुढे तो म्हाताऱ्या वयाला लागला तेव्हा एक दिवस वल्हं वर घेऊन म्हणाला, खाडी मुकी झाली. कारखान्यांचं पाणी येतच होतं, मासे कमी झालेच होते, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वर्षी त्याने होडी विकली. मग तो दिवसभर ओट्यावर बसून राहायचा, आणि मी कित्येक वर्षं त्याचं ते वाक्य मोठ्या अभिमानाने लोकांना सांगत आलो.

तर माझा डबा. स्वयंपाकघरातलीच ॲल्युमिनियमची फॉइल, आणि कल्याणच्या एका दुकानातून आणलेलं जाड पारदर्शक प्लॅस्टिक. एक थर हा, एक थर तो, आणि सगळ्याची मिळून घट्ट गुंडाळी. ही गुंडाळी करायची हिने. पंचवीस वर्षं तिने सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले आहेत. तिची कात्री रेघ आखल्यासारखी जाते आणि तिच्या हाताखाली कापडाला सुरकुती पडायची टाप नाही. माझी गुंडाळी मात्र पहिल्या वेढ्यापासूनच तिरकी जाते. मग ती गुंडाळी तेलाच्या डब्यात बुडवायची. थरांतली हवा हळूहळू वर येते. रोज दुपारी थोडंसंच व्होल्टेज देऊन ऐकायचं. सू-सू आली, की आत हवा आहे, अजून भिजू दे. असे आठ-दहा दिवस. ज्या दिवशी काहीच ऐकू येणार नाही, त्या दिवशी वहीत ‘शांत’ लिहायचं आणि मगच पूर्ण व्होल्टेज लावायचं.

बाकीचे नियम मी कंपनीतलेच ठेवले. चालू असताना एक हात पाठीमागे. बंद केल्यावर लाकडी मुठीची अर्थिंगची काठी टेकवून साठलेली वीज जमिनीत सोडायची, आणि त्यानंतरही दोन्ही टोकं वायरने बांधून ठेवायची, कारण रिकामा केलेला डबासुद्धा थोड्या वेळाने आपलाआपण पुन्हा थोडा भरतो. हिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वायर दिसत नसेल तर डब्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली, “वायर असली तरी नाही लावणार.”

दोन वर्षांपूर्वी माझं काम एकदम सुधारलं. म्हणजे मला तसं वाटलं. आठ-दहा दिवस भिजवायची गरजच पडेना. दुसऱ्याच दिवशी व्होल्टेज चढवावं, तर डबा शांत. वहीत ओळीने ‘शांत, शांत, शांत’. मी खूश. इतक्या वर्षांनी कामाची खुबी सापडली म्हणायचं. पण पूर्ण व्होल्टेज लावलं की पाच-दहा मिनिटांत फट्‌, आणि प्लॅस्टिकला जळकं भोक. एक डबा गेला, दुसरा गेला, पाचवा गेला.

आता मी शांत बसणाऱ्यांतला नाही. आधी कल्याणच्या त्या दुकानदाराशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, “काका, ह्या प्लास्टिकची लोक वह्यांना कव्हरं घालतात, तुम्ही नक्की काय करता?” मग हवेतल्या दमटपणाला शिव्या दिल्या. मग तेल बदललं. आणि शेवटी एका दुपारी, फुटलेली गुंडाळी उलगडत असताना, मी हिला म्हणालो, “तुझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. कुठेतरी सुरकुती सोडतेस तू.”

तिने गुंडाळी हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, “असेल.” एवढंच. त्यानंतर मी फॉइल काढली की तिला काहीतरी दुसरं काम असायचं. मीही आग्रह केला नाही. स्वतःच गुंडाळायला लागलो, तिरकं तर तिरकं. तिचं शिलाई मशीन हॉलच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभं होतं, जागा मोकळी होती, म्हणून त्याच्यावर मी तेलाचे डबे ठेवायला सुरुवात केली. ती त्यावरही काही बोलली नाही, आणि मला ते सोयीचंच वाटलं.

यंदाच्या मार्चमधली एक दुपार. गॅलरीत मी नव्या डब्याला व्होल्टेज देत होतो. डबा शांत होता. वहीत तसं लिहायला पेन उचललं, तेवढ्यात ही आतून म्हणाली, “अहो, गॅस सुटलाय का बघा, सू-सू येतंय.”

मी जागेवरून म्हटलं, “काही येत नाहीये.”

तिने गॅसची बटणं तपासली, नळ तपासला, आणि पदराला हात पुसत गॅलरीच्या दाराशी आली. “हा तर तुमचा डबा,” ती म्हणाली.

“डबा शांत आहे.”

“शांत कुठला? केवढा फुसफुसतोय.”

मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, की तीस वर्षं मी हेच काम केलंय. ती म्हणाली, “बरं.” आणि मग सहज, भांडायच्या सुरात अजिबात नाही, पुढे म्हणाली, “नेहमीच तर येतो हा आवाज. मला वाटलं, तो यायचाच असतो.”

मी पेन खाली ठेवलं. मी टेस्टिंगवाला माणूस. शंका आली की तपासायचं, एवढं मला येतं. मी तिला स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभं केलं आणि सांगितलं, आवाज सुरू झाला की हात वर कर, थांबला की खाली घे. व्होल्टेज वाढवत नेलं. एका आकड्याला हात वर गेला. कमी केलं, हात खाली आला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा, तिला फसवायला मध्येच थांबून केलं. तिन्ही वेळा काटा त्याच आकड्यावर होता. तीन वेळा एकच आकडा दाखवणाऱ्या मीटरशी आम्ही कंपनीत कधी वाद घालत नसू. मी मुख्य बटण बंद केलं, काठी टेकवली, वायर बांधली आणि स्टुलावर बसून राहिलो.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एका बंद खोलीत मला हेडफोन घालून बसवलं आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख पुढे ठेवला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ ठीक होती, उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, दरडीवरून घसरल्यासारखी खाली गेलेली. बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, त्या म्हणाल्या, पण वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, आणि ते असे हळूहळू जातात की माणसाला पत्ता लागत नाही. मी त्यांना विचारलं, ऐकू न येणं आणि आवाज नसणं यातला फरक आतून कसा ओळखायचा? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “काका, तो आतून कळत नाही, दुसऱ्या कोणालातरी विचारावं लागतं.”

मशीन कानात बसवून परत येताना मी कळव्याला मोठ्या बहिणीकडे गेलो. ती आता ऐंशीची आहे. तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कानातलं मशीन निरखून पाहिलं आणि म्हणाली, “अरे, बापाला तरी शेवटी कुठं आयकाला येत व्हता? आम्ही वरडून वरडून दमायचो.”

“आणि खाडी मुकी झाली म्हणाला ते?”

“आता त्याला सांगनार कोन, तुझा कान गेलाय म्हनून?” ती म्हणाली.

मासे कमी झाले होते, यात शंका नाही. पण अजिबात नव्हते, असं कुठे होतं? शेजारच्या होड्या पुढे कितीतरी वर्षं जात होत्या. हे मला माहीत होतं, मी ते रोज बघत होतो, आणि तरी मला कधी प्रश्न पडला नाही. बापाने वल्ह्याला कान लावला, काही ऐकू आलं नाही, आणि त्याने होडी विकून टाकली. बहिणीच्या घरून निघताना मला त्याची फार आठवण आली. आणि त्याच वेळी हिची.

कपाटात हिने गुंडाळलेली एक शेवटची गुंडाळी तशीच पडली होती, दोन वर्षांपूर्वीची. मी ती तेलात सोडली. रोज दुपारी हिला हाक मारायची, व्होल्टेज द्यायचं आणि विचारायचं, “येतोय?” ती मान हलवायची, येतोय. मशीन लावून आता मलाही थोडं ऐकू येत होतं, पण मी माझ्या कानावर विसंबलो नाही. दिवस मोजत राहिलो. बाराव्या दिवशी ती बराच वेळ दारात उभी राहिली, डोळे मिटून, आणि म्हणाली, “नाही. काहीच नाही आज.” मी वहीत लिहिलं, ‘शांत. हिने ऐकलं.’

मग पूर्ण व्होल्टेज लावलं. गॅलरीचे पडदे ओढले होते. तिच्या हातात ट्यूबलाइट दिली, वेटोळ्यापासून बरीच लांब उभी केली, आणि ट्यूब पेटली. मध्येमध्ये बंद करून, पुन्हा लावून, डबा तासभर चालला. फुटला नाही. बंद करून, काठी टेकवून, वायर बांधून झाल्यावर मी गुंडाळी तेलातून वर काढली, खिडकीशी नेली आणि उलगडली. कुठेही सुरकुती नव्हती. कडेपासून कडेपर्यंत, एकही नाही.

मी तिला म्हणालो, “तुझा हात चांगलाच होता. कान माझा गेला होता. मी तुला उगाच बोललो.” हे म्हणताना मी गुंडाळीकडेच बघत होतो.

ती ट्यूब भिंतीला टेकवून ठेवत म्हणाली, “मला खरंच वाटलं होतं हो. तुम्ही कधी चुकत नाही ना असल्या बाबतीत. मग म्हटलं, उगाच लोकांची कापडं कशाला बिघडवा. ब्लाउज घ्यायचेच बंद केले मी.”

“कधी?”

“तेव्हाच. तुम्ही बोललात त्या आठवड्यात.”

पंचवीस वर्षं घरात तिचं शिलाई मशीन चालत होतं, दुपारी माझा डोळा लागायचा तो त्याच आवाजावर. तो काही बारीक आवाज नव्हता. वरच्या पट्टीतला तर मुळीच नव्हता.

“दोन वर्षं झाली मशीन बंद आहे,” ती म्हणाली. “ते तर ऐकू यायला हवं होतं तुम्हाला.”

मी हॉलमध्ये गेलो आणि मशीनवरचे तेलाचे डबे एकेक करून खाली उतरवले. सात होते. कव्हरवर तेलाचे गोल डाग पडले होते, एकात एक अडकलेले. ती मागे येऊन उभी राहिली, वाकून तिने एका डागावर नख घासून पाहिलं.

“आधी हे कव्हर धुवायला लागेल,” ती म्हणाली.

मी ते काढलं आणि बादलीत भिजत घातलं.