भिंतीवरचं गाजरगवत

माझ्या साडूभाऊंइतका चारचौघांत मान खाली घालायला लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. हिवरखेडच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि हात धुऊन गाजरगवताच्या मागे लागले. वरातीत सगळे नाचत असताना हे नव्याकोऱ्या सफारीत रस्त्याकडेला वाकून गवत उपटत असायचे. अकोल्यात माझ्यासोबत ऑटोत बसले की प्रत्येक मोकळ्या प्लॉटशी ऑटो थांबवायचे. "थांब बापू, तेवढं उपटू दे मले. फुलावर आलं का मंग पुरं गेलं." ऑटोवाला माझ्याकडे बघायचा आणि मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचो. हे माझे कोणी नाहीत असा चेहरा करण्यात मी चांगलाच तरबेज झालो होतो.

उपटून संपत नाही म्हटल्यावर त्यांनी उतारवयात कॉम्प्युटर शिकून घेतला. एक मंगल कार्यालय मिळवून भिंती, छत, फरशी पांढऱ्या कापडानं मढवली आणि चहूबाजूंनी प्रोजेक्टर लावले. आत पाऊल टाकलं की पायाशी गाजरगवत उगवायचं, कमरेपर्यंत चढायचं, भिंतीवरची कपाशी, ज्वारी गिळून डोक्यावर हातहातभर पांढरी फुलं उघडायचं. नुसता उजेडाचा खेळ, पण माझ्या बायकोसकट बऱ्याच जणांना शिंका आल्या. मला पहिल्यांदाच त्यांचा अभिमान वाटला. "आमचे साडू" म्हणून मी ओळखीच्यांना सांगत फिरलो.

शेवटी सत्कार झाला. कार्यालयाच्या मालकांनी दिलेला गुलाबांचा गुच्छ छातीशी धरून साडूभाऊ फोटोसाठी हसत उभे राहिले. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "सर, भिंतीवर ज्याचं भेव दाखवलं, तेच हातात काहून धरलं तुमी?"

फुलवाल्यानं गुलाबांच्या मधे भरीला गाजरगवत खोचलं होतं. भिंतीवर हातभर करून दाखवलेलं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं हातात आलं, आणि त्यांना ते दिसलंच नाही. हॉल खो-खो हसला. "मले वळखूच नाई आलं," ते हळूच म्हणाले. बी सांडू नये म्हणून एकेक काडी रुमालात बांधली आणि मान खाली घालून बसले.

त्यानंतर प्रोजेक्टर पुन्हा कधी बाहेर निघाले नाहीत. ऑटोतून जाताना आता ते बाहेर बघतही नाहीत. मला त्यांची लाज वाटायची ते दिवस फार बरे होते.

परवा मीच ऑटो थांबवला. प्लॉटवर उतरून, वाकून, एक झाड मुळासकट उपटलं आणि कौतुकाच्या आशेनं मागे वळून पाहिलं. साडूभाऊ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते.